आदेश समजला नाही

४ फेब्रुवारी

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझे कान असे, माझा आवाज तसा. फोनवर बोलायचं म्हणजे शेजाऱ्यांना घरच्या बातम्या फुकट. म्हणून हे पत्र.

आजवर एकशे बारा अर्ज झाले. सगळ्यांकडे तीच पदवी, तीच प्रमाणपत्रं. शेवटी कॉलेजातल्या एका सीनियर ताईनं माझे कान उपटले. म्हणाली, ढिगात तुझा कागद उठून दिसायला हवा असेल तर गुण सांगत बसू नकोस, चालणारं काहीतरी दाखव. म्हणून मी अर्जासोबत एक प्रोग्रॅम जोडला आहे. मोटारीचा आवाज ऐकून कुठलं बेअरिंग जाणार ते तो आधीच सांगतो. जो तो चालवून बघतो आणि मला बोलावणं येतं! तीन मुलाखती झाल्या. पंपाच्या कारखान्यातले मुख्य अभियंता तर फारच खूश दिसले.

दादाची आठवण हल्ली जास्तच येते. का, ते नीट सांगता येत नाही. तब्येत सांभाळ.

तुझी,
टिटवी


१९ फेब्रुवारी

चि. टिटवीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळालं. लिहू की नको, यात बरेच दिवस गेले. हसू नकोस आणि मला डॉक्टरकडेही ओढू नकोस. दादाचे निरोप येतात.

त्याला जाऊन सव्वा वर्ष झालं, शेवटचं मीच त्याला पाहिलं. माझं डोकं ठिकाणावर आहे. पण फोनवर त्याचं नाव उमटतं आणि खाली अक्षरं येतात, “आई, मी चालू आहे. आवाज ठीक आहे. काळजी नसावी.” पहिला निरोप आला तेव्हा हातातली बरणी सुटली. आता अठरा झाले. कधी सकाळी अकराला, कधी दुपारी चारला. रविवारी कधीच नाही. शेजारच्या शिंपीणबाईंना दाखवला, तर त्यांनी फोन दोन बोटांत धरून परत दिला आणि तेव्हापासून आमच्या दारावरून जरा लांबूनच जातात.

मावशीकडे जायचं होतं, ते रद्द केलं. तिच्याकडे फोनला रेंज नसते. त्याच्या खोलीची खिडकी मात्र उघडी ठेवते.

लोभ आहेच.
आई


२७ फेब्रुवारी

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं. आई, ते निरोप माझ्यामुळे येतात. देवाशपथ, मला माहीत नव्हतं.

तो प्रोग्रॅम माझा नाही, दादाचा आहे. त्याच्या जुन्या लॅपटॉपमधून उचलला, वरचं त्याचं नाव पुसलं आणि माझं लिहिलं. काहीही नवीन केलं की पहिली चाचणी तुझ्यावर, ही त्याची खोड तुला ठाऊकच आहे. प्रोग्रॅम सुरू झाला की त्यानं लिहून ठेवलेली ती ओळ त्याच्याच खात्यातून तुझ्या नंबरवर जाते. कुणी ऑफिसात बसून माझा अर्ज तपासतो, आणि इकडे तुझा फोन वाजतो. रविवारी ऑफिसं बंद असतात.

मग मी प्रोग्रॅमच्या नोंदी उघडल्या. तू पाठवलेली उत्तरं तिथे साठतात. ‘जेवलास का?’ आणि पुढे यंत्राची नोंद: आदेश समजला नाही. ‘थंडी आहे का तिथे?’ आदेश समजला नाही. अशी तेवीस. मला माझ्या खोलीत एकटीनं बसवेना.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात गेले. नेमणुकीचं पत्र टेबलावर तयार होतं. मुख्य अभियंत्यांना खरं सांगितलं, तसं त्यांनी ते पुन्हा खणात ठेवलं. स्वतःचं काही घेऊन ये, मग बघू, एवढंच म्हणाले. रागावले नाहीत, तेच जास्त लागलं.

दादाचं नाव पुन्हा वर लिहिलं आहे. तुझा नंबर मात्र काढवत नाही. काढला तर दादा दुसऱ्यांदा जाईल, आणि या वेळी माझ्या हातून. तू सांगशील तसं करीन.

तुझी,
टिटवी


६ मार्च

चि. टिटवीस,
अनेक आशीर्वाद.

दोन दिवस तुझ्यावर संतापले होते. भावाचं नाव पुसताना हात धजला कसा, असं रिकाम्या घरात मोठ्यानं बोलले. मग वाटलं, पोर किती टेकीला आली असेल.

नंबर काढ. पत्र वाचशील त्याच क्षणी काढ, नाहीतर मीच ‘काढू नकोस’ म्हणून कळवीन. काल पुन्हा फोन वाजला. सगळं ठाऊक असूनही धावत गेले आणि ‘झोप लागते का’ असं लिहून पाठवलं. मला माझीच भीती वाटली.

नंतर तुझं पहिलं पत्र पुन्हा वाचलं. एकशे बारा अर्ज, तीन मुलाखती. त्यावर मी चकार शब्द काढला नव्हता. ज्याला उत्तर देता येत नाही त्याची चोवीस वेळा चौकशी केली, आणि तुझी एकदाही नाही.

जेवतेस का गं? मुलाखतीला जाताना पोटात काही असतं का? लगेच लिही.

लोभ होताच, दाखवायचा राहिला होता.
आई