पहिल्या पावाची चव

प्रिय अहो,

एका घरात राहून पत्र कसलं लिहिते, म्हणून हसू नका. तुम्ही आत दुपारची झोप काढताय आणि मी काउंटरवर बसून बिलांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहितेय. समोरासमोर बोलायला गेले की तुम्ही लगेच असू दे, असू दे म्हणता. आज मला ते ऐकायचं नाही.

हात गेला आपला, असं तुम्ही परवापासून म्हणताय. शाळेने पाव बंद केला, मग कोपऱ्यावरच्या खानावळीने. उद्या तो बेकरी विकत घेणारा माणूस येणार आणि तुम्ही बेकरी त्याच्या नावावर करून मोकळे होणार.

आधी माझ्या वजनाचं रडगाणं ऐका, त्याचा संबंध आहे. पाळी बंद झाली आणि मी अशी सुटले की अंगठी साबण लावूनही निघेना. अंगाची लाहीलाही व्हायची, घामाने उशी भिजायची आणि सकाळी काट्यावर उभी राहून मी मुळूमुळू रडायचे. लेकीने फोनवर सांगितलं, आई, पाव, बटाटा, साखर बंद कर. बेकरीवाल्याच्या बायकोला! पण मी हट्टाला पेटले. अंडी आणि पालेभाज्या खाऊन सुरुवातीला काटा उतरला, मी आरशासमोर गिरक्या घेतल्या. मग तो जो अडून बसला, तो आजतागायत. मला काकडी बघूनही राग यायचा. तुमच्या शर्टाला भाजल्या पावाचा वास यायचा आणि मी तुमच्यावर खेकसायचे. तुम्हाला वाटलं, हिला आता आपला कंटाळा आला. नाही हो, भूक लागलेली असायची.

मागे त्या मोठ्या तापातून तुम्ही उठलात, पण तुमच्या जिभेची चव काही परत आली नाही, हे आपण लेकीलाही कळू दिलं नाही. तेव्हापासून पहिल्या पावाचा तुकडा तुम्ही माझ्या हातावर ठेवता. मी झकास म्हटल्याशिवाय दुसरा ट्रे भट्टीत जात नाही.

तो तुकडा मी खात नव्हते. डाएट सुरू झाल्यापासून एकदाही नाही. पाठ फिरवून ॲप्रनच्या खिशात टाकायचे आणि झकास म्हणायचे. नुसता चाखून टाकता आला असता, पण एकदा जिभेला लागला तर अख्खा पाव फस्त करीन अशी धास्ती होती. आणि तुमच्या हातचं नको, हे तुम्हाला कुठल्या तोंडाने सांगणार? शाळेच्या मुख्याध्यापिका पावाची तक्रार घेऊन आल्या तेव्हा त्यांना पुरतं बोलूही न देता तुम्ही छाती पुढे काढून म्हणालात, बाई, माझी बायको चाखल्याशिवाय इथून एक पाव बाहेर जात नाही. मी शेजारीच उभी होते. तुकडा खिशात होता, अजून गरम. लाज वाटते मला त्याची, फार लाज वाटते.

आज सकाळी खाल्ला. तोंडात धरवेना इतका खारट. मग मिठाचं पोतं उघडून बघितलं. या खेपेला आलेलं नवं मीठ बारीक आहे आणि तुम्ही अजून त्याच पोचे आलेल्या डब्याने मोजता. जाड्या मिठापेक्षा त्यात कितीतरी जास्त मावतं. मी दोन्ही तोलून पाहिली. तुमचं चुकलं ते एवढंच, आणि ते मी पहिल्याच दिवशी पकडायला हवं होतं.

म्हणून हे पत्र. उद्या सही करू नका. तुमच्या हाताला काही झालेलं नाही, तुम्ही ज्या जिभेवर विसंबलात तिने दगा दिला. शाळेत मी स्वतः जाऊन सांगेन की चूक माझी होती. तुम्ही रागवा, आठवडाभर बोलू नका, मी ऐकून घेईन. पण उद्या पहिला पाव निघाला की माझ्यासमोर उभे राहा, आणि मी घास चावून गिळल्याशिवाय माझ्या झकासवर विश्वास ठेवू नका.

तुमचीच,
घरची चोर