‘बहुधा’ला गुण नाहीत

बुडापेस्ट, २४ मे

ती. बाबांस,
स. न. वि. वि.

फोनवर तुम्ही ‘हं’ आणि ‘बरं’ यांच्या पुढे जात नाही, आणि ‘हं’समोर रडता येत नाही, म्हणून लिहिते आहे. शरीररचनेच्या तोंडी परीक्षेत मी पुन्हा नापास झाले. आता एकच संधी उरली, जूनच्या मध्यात. तीही गेली तर विद्यापीठ नाव काढून टाकतं. मग मी आहे, आपल्या मेंढ्या आहेत आणि गावच्या फेरीबोटीवर तिकिटं तपासण्याचं काम आहे.

अभ्यास कमी पडला असता तर मी गप्प बसले असते. पण ऐका तरी. पहिल्या वेळी प्राध्यापक वाय्दांनी प्रेताच्या हातातली एक रक्तवाहिनी चिमट्याने उचलली आणि विचारलं, ही कोणती. मला येत होतं. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. मी नाव सांगितलं आणि वर म्हणाले की बहुधा हीच असावी. ते म्हणाले की बाई, माणसाच्या हातात ‘बहुधा’ नावाची रक्तवाहिनी नसते. मग घाबरून प्रत्येक उत्तराला मी ‘मला वाटतं’ जोडत गेले आणि ते प्रत्येक वेळी डोळे मिटून घेत गेले.

या वेळी तर प्रश्नाची चिठ्ठीसुद्धा उचलू दिली नाही. इथल्या रीतीप्रमाणे काळा कोट, पांढरा सदरा, सगळं इस्त्री करून गेले होते. त्यांनी आधी विचारलं, तयारी झाली का. आपल्याकडे यावर माणूस काय म्हणतो? मी म्हणाले, थोडीफार. ते म्हणाले, मग पूर्ण झाली की या, आणि दाराकडे बोट केलं.

माझ्याबरोबर राहणारी ग्रीसची दिमित्रा तुम्हाला माहीत आहे. तिने चक्क चुकीची नस सांगितली, पण अशा आवाजात की प्राध्यापकांनी वाकून पुन्हा बघितलं. ती पास! वर मलाच म्हणते कशी, की तुम्हा नॉर्वेवाल्यांच्या घराला आग लागली तरी तुम्ही म्हणाल, आज जरा उबदार वाटतंय नाही?

आणि प्रार्थनाघरात सगळ्यांना एकदाचं सांगून टाका की मला त्यांच्या दुखऱ्या गुडघ्यांबद्दल विचारू नका. मला फक्त मेलेल्यांचे गुडघे येतात, आणि तेही नापास होण्यापुरते.

राग प्राध्यापकांवर आहे. थोडा तुमच्यावरही आहे, कारण असं बोलायला तुम्हीच शिकवलंत. तरी माया कमी करू नये.

तुमची,
सिगरुन


स्ट्रांदेविक, ३१ मे

चि. सिगरुन हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुझा राग आला, दुसऱ्यांदा त्या प्राध्यापकांचा. दोन्ही अजून गेलेले नाहीत.

मी गावच्या शाळेपुढे शिकलो नाही, त्यामुळे मोठ्या शिक्षणाबद्दल मी बोलू नये. पण माणसाने आपल्याला सगळं कळतं असं छाती काढून सांगावं, हे कुठलं शिक्षण? तुझे आजोबा वादळात होडी घेऊन फिओर्डची खाडी ओलांडायचे आणि घरी येऊन म्हणायचे, जरा वारा होता. त्यांना होडी येत नव्हती असं कोणी म्हणालं नाही. देवासमोर ‘मला माहीत आहे’ म्हणून उभा राहिलेला माणूस मी अजून पाहिला नाही. तुला मी असं वाढवलं आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही. त्या गृहस्थांना हे समजत नसेल तर डोळे त्यांनीच उघडे ठेवावेत.

इथे कोकरं सगळी ठीक आहेत. एक आईला सोडून माझ्याच मागे फिरतं, आणि मी प्रार्थनाघर उघडायला गेलो की दारात उभं राहून ओरडतं. पुढच्या आठवड्यात कळप डोंगरावर न्यायचा आहे.

बोर्गहिल्ड आत्या ओस्लोहून परत आली. दिवसभर बसमध्ये पाय दुमडून बसली होती. तेव्हापासून उजवी पोटरी जराशी सुजली आहे, हात लावला तर जराशी गरम लागते, आणि चढावर तिला जरासा दम लागतो. ती म्हणते काही नाही, आणि कोबीचं पान बांधून बसली आहे. तुला गुडघ्यांचं विचारायचं नाही असं तू लिहिलंस, म्हणून पोटरीचं विचारतो. मेंढ्या वर नेल्या की डॉक्टरला दाखवीन म्हणतो.

नीट जेवत जा. रागावलीस तरी पत्र लिहायचं सोडू नको.

तुझा,
बाबा


स्ट्रांदेविक, ९ जून

चि. सिगरुन हिस,
अ. उ. आशीर्वाद.

माझं पत्र पोहोचताच तू फोनवर जे केलंस, त्याला बोलणं म्हणत नाहीत. बापाला नमस्कार नाही, हवापाण्याची चौकशी नाही. ही रक्ताची गुठळी आहे, ती फुप्फुसाकडे निघाली आहे, आत्ताच्या आत्ता तिला गाडीत घाला, चालू देऊ नका, आणि ती काही नाही म्हणाली तर तिचं ऐकू नका, असं एका दमात सांगितलंस. मी म्हणालो की मेंढ्यांचं तेवढं उरकून घेतो. त्यावर तू विचारलंस की मेंढ्यांचं उरकून मग खड्डा खणणार आहात का. आणि फोन ठेवलास.

मी जिन्यावर बसून राहिलो. तुझी आई गेल्यानंतर या घरात कोणी माझ्यावर ओरडलेलं नाही. मग किल्ल्या घेतल्या.

आत्या फेरीबोटीवर सारखी म्हणत होती की आर्नफिन, खऱ्या आजारी माणसांची जागा आपण अडवणार, लाज वाटते रे. इस्पितळात पोचल्यावर तिथल्या मुलीने काय होतंय विचारलं, तर ही म्हणाली, पाय जरा जड आहे. मुलीने तसं लिहून घेतलं आणि बाकाकडे हात केला. आम्ही बसलोसुद्धा. आत्या ओळखीच्या बाईशी लोकरीच्या भावाबद्दल बोलायला लागली, आणि वाक्याच्या मध्ये दम घ्यायला थांबली. मी उठलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो की ही गुठळी आहे, माझी मुलगी सांगते आहे. सगळं दालन माझ्याकडे बघायला लागलं. माझे कान तापले. पण तिला चाकांच्या खुर्चीत घालून आत नेलं.

गुठळीच होती. एक तुकडा फुप्फुसात पोचला होता. डॉक्टर म्हणाला, तुम्ही आलात ते काही वाईट झालं नाही. आपल्या भाषेत याचा अर्थ काय होतो, ते तुला सांगायला नको. आत्या आता बरी आहे आणि इस्पितळातल्या कॉफीवर नाराज आहे.

मी चार दिवस यावर विचार करतो आहे. नम्रता देवासमोर ठेवायची असते. सुजलेल्या पोटरीसमोर नम्र राहून कोणाचं भलं होत नाही, असं मला वाटतं. बघ, ‘मला वाटतं’ पुन्हा लिहून गेलोच. हे खोडत नाही. माझी परीक्षा नाही.

तुझी आहे. त्या प्राध्यापकांना तसंच सांग, जसं मला सांगितलंस. खड्ड्याचं तेवढं गाळ.

प्रार्थनेत तुझं नाव घेतो, हे तू धरून चाल.

तुझा,
बाबा


बुडापेस्ट, १८ जून

ती. बाबांस,
स. न. वि. वि.

पास झाले. सगळ्यात खालच्या श्रेणीत, पण पास.

तयारी झाली का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. दुकानातून काहीतरी खिशात घालून निघाल्यासारखं वाटलं. चिठ्ठीत कवटीचा तळ निघाला, ज्याला सगळे घाबरतात. मी एकेका छिद्रावर बोट ठेवून सांगत गेले, यातून हा मज्जातंतू जातो, यातून ही रक्तवाहिनी. तुमच्यावर ओरडले होते तोच आवाज लागला असावा, कारण मध्येच ते म्हणाले की बाई, जरा हळू, तो गेलेला आहे.

मग त्यांनी एका बारीक खाचेवर काडी टेकवली. ती मला येत नव्हती. ‘बहुधा’ ओठांपर्यंत आलं. मी म्हणाले, हे मला माहीत नाही.  अंदाज करून बघा, ते म्हणाले. मी म्हणाले, नाही. रुग्ण असता तर जाऊन विचारून आले असते. त्यांनी काडी खाली ठेवली. मग म्हणाले की आता तुमच्या ‘हो’वर मी विश्वास ठेवू शकतो, आणि सही केली.

मी जिन्यात बसून रडले. दिमित्राला वाटलं नापास झाले, म्हणून ती थेट प्राध्यापकांशी भांडायला निघाली. तिला कोटाला धरून मागे ओढावं लागलं. आता पुढच्या वर्षी शरीरक्रियेची परीक्षा. त्या विषयाच्या बाई म्हणे, फार खात्रीने बोलणाऱ्यांना नापास करतात. मी काय करू या लोकांचं?

आत्याला गुठळीसाठीचे घट्ट मोजे घालायला लावा. घातले का, एवढंच विचारू नका, बघा. राग आता कोणावरच नाही. लोभ आहेच.

तुमची,
सिगरुन


स्ट्रांदेविक, २७ जून

चि. सिगरुन हिस,
अ. उ. आशीर्वाद.

मोजे घातले आहेत, बघितले. कळप वर गेला.

रविवारी प्रार्थनेनंतर मी कॉफी ओतत होतो, तेव्हा कोणीतरी विचारलं, पोरीचं निभावलं का. ‘कसंबसं’ जिभेवर आलं होतं. मी म्हणालो, पास झाली, तिला विषय येतो.

कप जिथल्या तिथे थांबले.  मग एका बाईने बिस्किटांचं ताट हळूच माझ्यापुढे केलं, जसं घरात कोणी गेल्यावर करतात. परत येताना आत्या गाडीत म्हणाली की आर्नफिन, तू फार चढलास. मी म्हणालो, हो.  उतरताना म्हणाली, खरंच येतो ना तिला विषय? मी म्हणालो, तू जिवंत आहेस ना. त्यावर ती काठी आपटत आत गेली.

घरी आल्यावर या बढाईची देवाकडे क्षमा मागायला बसलो. बराच वेळ बसलो. क्षमा काही मागवेना. मग आभार मानले आणि उठलो.

तुझा,
बाबा