टर्पेंटाइनच्या जंगलात मारलेली हाक

बाबा, तुमच्या हातांना यायचा तो वास परवा मला इथं अमेरिकेत, जॉर्जियातल्या जंगलात आला आणि मी जागीच थांबले. तुम्ही दुकानांच्या पाट्या रंगवून घरी आलात की आई म्हणायची, "आधी हात धुवा, वरणाला टर्पेंटाइनचा वास लागतो." कितीही घासा, तो जायचा नाही. पहिला घास तुम्हीच भरवायचात, म्हणून माझ्या लहानपणाच्या वरण-भाताला थोडा तोच वास आहे. पण ते झाडातून निघतं हे मला कुठं माहीत होतं! मला वाटायचं, डब्यातच तयार होतं.

लेकीला घेऊन आम्ही राहतो त्या अल्फारेटाहून खाली दक्षिणेला ड्राइव्ह करत गेले होते. पाइनची झाडं केवढी उंच, मान दुखते. एका म्हाताऱ्या झाडाची साल छातीपर्यंत सोललेली, त्यावर खाचांवर खाचा, खाली चीक गोळा करायला मातीचं भांडं. गाइडबाई काळ्या, सत्तरीच्या. त्यांचे आजोबा इथल्याच कॅम्पात, या चिकाचं टर्पेंटाइन करायच्या कामावर गडी होते. जंगलात लाकडी खोपटी, मालकाचंच दुकान, तिथली उधारी कधी न फिटणारी, आणि विचारल्याशिवाय कुणी निघून गेलं तर माणसं पाठवून धरून आणायचे. झाडं आटली की अख्खा कॅम्प उचलून पुढच्या जंगलात. प्रत्येक गड्याची हाक ठरलेली. एका झाडाला खाच घातली की ती द्यायची, म्हणजे लांब बसलेल्या मुकादमाला कळायचं कुणाचं झाड झालं ते. लेकीनं विचारलं, "व्हॉट डिड ही कॉल?" बाई म्हणाल्या, "त्यांच्या आईचं नाव."

बाबा, बघा ना. ज्याला जंगलाबाहेर जायची मुभा नाही, तो दिवसभर झाडाझाडाखाली आईचं नाव घेतोय, आणि मुकादमाला ते निमूट ऐकावं लागतंय. आणि मला तुमची ती पाटी आठवली. कोपऱ्यात तुम्ही हौसेनं नाव टाकलं होतंत. शेठनं आडनाव वाचलं, तोंड वाकडं केलं. तुम्ही फडक्यावर टर्पेंटाइन घेतलंत आणि स्वतःचं नाव स्वतःच पुसलंत. पुन्हा कुठल्याच पाटीवर टाकलं नाही.

वडिलांचं नाव असं मोठ्यानं घेत नाहीत, ठाऊक आहे मला. तरी घेतलं. त्या झाडापाशी उभी राहून, आडनावासकट. लेक दचकली. "आई, हू इज दॅट?" म्हटलं, तुझे आजोबा. मग तिनंही हाक मारली, तिच्या अमेरिकन उच्चारात.

हे पत्र ड्रॉवरमध्येच राहणार, पाठवू कुठं. पण खरं सांगते, हाक मारून झाल्यावर मी जरा वेळ तिथंच थांबले होते, तुम्ही ओ देता का ते बघायला.