पौलाचं दुखणं

आदरणीय पाळकसाहेब,

सलाम. नांदुऱ्याहून तुमची बदली झाली, तरी एक सांगायचं राहिलंच.

सभेला आलेला पाहुणा उपदेशक म्हणाला होता, विश्वास असेल तर औषध कशाला? त्यानंतर यांचं इन्सुलिन बंद झालं आणि चौथ्या दिवशी हे बेशुद्ध पडले. तुम्ही बायबलचा शब्दन्‌शब्द मानणारे, म्हणून प्रार्थनेलाच बसाल असं मला वाटलं. तुम्ही आधी रिक्षा बोलावलीत.

दवाखान्यात मी रडत म्हणाले, "आमचा विश्वासच कमी पडला जी."

तुम्ही म्हणालात, "सुवार्ताबाई, स्वतःचं दुखणं जावं म्हणून प्रेषित पौलानं देवाला तीनदा विनवलं, तरी ते गेलं नाही. त्याचा विश्वास कमी होता का? शब्द मानायचा तर सगळा वाचावा."

इतकं सरळ मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

हे शुद्धीवर आल्यावर तुम्ही यांना खडसावलंत, "इंजेक्शन सोडताना बायकोचा तरी विचार करायचा!"

यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हो साहेब, माह्यं चुकलं."

साहेब, इंजेक्शनं मी लपवली होती. यांनी मागूनही मी दिली नव्हती.

आता रोज मीच टोचते. हे पत्र टपालात टाकायचं धाडस मात्र होत नाही.

तुमच्या मंडळीतली,
सुवार्ता