आईच्या पत्रातली मोकळी ओळ

जांबे, ता. मुळशी

प्रिय आई,

नलूचा तुला आणि बाबांना नमस्कार.

मी बरी आहे. खोली हवेशीर आहे. घरमालकीण गोजराबाई रोज विचारतात, "लई अभ्यास करतीयास, जेवलीस का?"

संगणकाच्या वर्गात सगळ्यांत मोठी मीच. आज पायथॉन या संगणकाच्या भाषेत अनेक ओळींचा मजकूर लिहायचा होता, म्हणून तुझंच परवाचं पत्र घेतलं. साध्या अवतरणचिन्हांत पहिली ओळ लिहून खाली गेले की संगणक चूक दाखवायचा. शिकवणारी ऋतिका म्हणाली, "काकू, सुरुवातीला आणि शेवटी तीन-तीन चिन्हं द्या. मग जसं लिहाल तसंच उमटेल."

तसंच उमटलं. 'बाबा बरे आहेत' याच्यानंतर तू एक ओळ मोकळी सोडलीस आणि मग लोणच्याचं लिहिलंस. कागदावर ती माझ्या लक्षातही आली नव्हती. पडद्यावर मात्र तिच्याकडे बराच वेळ बघत बसले.

तिथे काय लिहायचं होतं, आई? बाबांचा खोकला वाढलाय का? फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणून पत्रातच विचारते.

शनिवारी माझी परीक्षा आहे. ती होईपर्यंत थांबू नकोस, आधीच सांग.

तुझीच,
नलू