अकरा नंबरचं सूप

१९ सप्टेंबर, गुरुवार
नाकाच्या डॉक्टरकडे गेलो. बायकोचा हट्ट. डॉक्टर फार तर तिशीचा. नाकाखाली एकामागून एक आठ बाटल्या धरल्या आणि कशाचा वास येतो विचारलं. बाटल्या हलक्या प्रतीच्या होत्या. एकीलाही वास नव्हता. तरी तो म्हणाला, जानेवारीतल्या तापात तुमचा वास गेलाय, त्यामुळे चवही गेली. गोड-खारट-आंबट-कडू-तिखट एवढं कळेल, बाकी नाही. लवकर उपचार सुरू केले तर थोडंफार परत येईल. घरात गॅसकडे लक्ष ठेवा.
माहितीचा कागद दिला. त्यात 'परिणाम' मधली रि दीर्घ. ज्याला ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही, त्याने माझ्या नाकाबद्दल बोलू नये. मी सव्वीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासतो. माझ्या नजरेतून वेलांटी सुटत नाही, मग नाकातून वास कसा सुटेल?
बायकोला सांगितलं, थोडी धूळ आहे म्हणाले.
खरं कारण मला माहीत आहे. शहरातलं अन्नच मेलंय. आठ-नऊ महिने जे खातोय ते सगळं भिजलेल्या पुठ्ठ्यासारखं लागतं. शिसारी आली आहे.
संकल्प: पाऊस संपून थंडी सुरू होईपर्यंत दर रविवारी गावाकडे. बागा, शेतं, खाद्यमेळे. ताजं, जिवंत अन्न. बायको लग्नापासून म्हणते, आपण कुठे जात नाही. तेही तोंड बंद होईल.

२२ सप्टेंबर, रविवार
सफरचंदांची बाग. गाडी मेव्हण्याची, कारण आम्हाला गाडी नाही. मेव्हणा वाटेतच अर्धा डबा खाऊन बसला. त्याच्याकडे बघून भूक मरते.
सफरचंद म्हणजे ओला कापूस. मालकाला सभ्यपणे सांगितलं. त्याने दुसऱ्या झाडाचं दिलं. कापूस. तिसऱ्या झाडाचं. कापूस. तोवर मागे रांग थांबून ऐकत होती. त्याने विचारलं, भाऊ, सर्दी झालीय का? त्याच्या पाटीवर 'तोडु नये' होतं, ते लाल पेनने 'तोडू' केलं आणि निघालो.
मेव्हण्याने नऊ खाल्ली. बायकोने खाली पडलेली वेचली. मुंग्या लागलेली. किळस.

२५ सप्टेंबर, बुधवार
दूध करपलं. मी स्वयंपाकघरातच मुद्रितं वाचत बसलो होतो, शेगडीपासून चार हातांवर. बायको वरच्या मजल्यावरून धावत आली. म्हणाली, अहो, जिन्यापर्यंत वास येतोय. मी म्हटलं, वाचण्यात गुंग होतो. आणि होतोच. नळाच्या तोट्यांचा कॅटलॉग होता, बहात्तर पानी. माणूस गुंगणारच.

२९ सप्टेंबर, रविवार
शेळ्यांचा फार्म. आलेली सगळी माणसं नाकाला रुमाल लावून उभी. मेव्हणा तर गाडीतून उतरेना. मी एकटा गोठ्यात शांतपणे या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरलो. फार्मवाल्या बाई थक्क झाल्या. म्हणाल्या, नाक न धरणारा शहरातला पहिला माणूस बघितला. याला चिवटपणा म्हणतात. एका शेळीने माझा रुमाल खाल्ला. तशीही मला त्याची गरज नव्हती.
चीज खोडरबरासारखं. पण बाईंनी इतकं कौतुक केल्यावर तसं म्हणता येईना. म्हटलं, संयमी चव आहे. बाई आणखी खूश. वीस ऑक्टोबरला त्यांच्या गावात खाद्यमेळा आहे, भोपळ्याच्या सुपाची स्पर्धा आहे, आणि परीक्षक ऐन वेळी परगावी निघालेत. तुमच्या ओळखीत कोणी जाणकार... एवढंच त्या म्हणाल्या. मी होकार देऊन टाकला. पत्रकही आमच्याच छापखान्यात छापू म्हटलं.
बायको जमिनीकडे बघत होती. गाडीत मेव्हण्याने विचारलं, भावोजी, तुम्ही चव बघणार? बायको त्याला म्हणाली, तू रस्त्याकडे बघ.

४ ऑक्टोबर, शुक्रवार
पत्रकाचं मुद्रित आलं. माझं नाव, खाली 'चवीचे जाणकार'. चार वेळा वाचलं. टाइप एक पॉइंट वाढवून घेतला. सही करून छपाईला सोडलं.

७ ऑक्टोबर, सोमवार
आठशे प्रती छापून गेल्यावर छापखान्याच्या मालकांनी बोलावलं. पत्रकावर ठळक अक्षरांत 'भोपळ्याच्या सूडाची भव्य स्पर्धा'. मालक म्हणाले, भोपळ्याने कुणाचं काय वाकडं केलंय? मी म्हटलं, ऑपरेटरची चूक. त्यांनी माझी सही दाखवली. सव्वीस वर्षांत पहिली चूक. ती मोजू नये असं माझं मत आहे. मालकांचं वेगळं दिसलं.
कालचा रविवार लिहायचा राहिला. अळिंबीची, म्हणजे मशरूमची, शेड. अंधार, चिखल, कुजका पेंढा. घसरून बसलो, दोन्ही हात त्या खतात. मेव्हणा मागे सरकून उलटी करायच्या बेतात. नाजूक माणूस.

९ ऑक्टोबर, बुधवार
मेळ्याआधी जिभेचा सराव. बायकोने सकाळी कप दिला. डोळे मिटून घोट घेतला आणि सांगितलं, चहा उत्तम, जरा जास्त उकळलाय. कॉफी निघाली. चहाच्या कपात कॉफी देणं ही शुद्ध फसवणूक आहे.
ती समोर बसली. विचारलं, डॉक्टर खरंच काय म्हणाले? मी म्हटलं, धूळ. ती म्हणाली, परीक्षक व्हायचं सोडून द्या, लोक कष्टाने करून आणतात. मी म्हटलं, शब्द दिलाय. ती म्हणाली, बरं, मग मीही येते.

१३ ऑक्टोबर, रविवार
कुठेही गेलो नाही. गुणपत्रिका तयार केली. चव ४०, सुगंध ४०, रंग १०, भांड्याची स्वच्छता १०. अशी काटेकोर पद्धत त्या गावाने आजवर बघितली नसेल. सरावाला घरातल्या सगळ्या बरण्या उघडून हुंगल्या. सगळ्या सारख्याच निघाल्या. काय दर्जाचा माल विकतात हल्ली.

२० ऑक्टोबर, रविवार, संध्याकाळ
घरी आलो आहे. झालं ते क्रमाने लिहितो, म्हणजे माझी बाजू स्पष्ट होईल.
गाडीत बायकोच्या पायाशी कापडात बांधलेलं काहीतरी होतं, डबा असेल म्हणून विचारलं नाही. मेळा शाळेच्या मैदानावर. गर्दी दाट. बोटं चाटणारे, हनुवटीवरून जॅम ओघळणारे, एकाच चमच्याने तिघं खाणारे. बघवत नव्हतं. जो तो पत्रक दाखवून विचारत होता, सूड कुठे घेताय?
टेबलावर बारा पातेली, फक्त नंबर लावलेली. कुणाचं कुठलं ते फक्त फार्मवाल्या बाईंच्या वहीत. मी चमचा बुडवायचो, डोळे मिटायचो, लिहायचो. एक ते तीन, कोमट पाणी. चार नंबरने जीभ चुरचुरली. शेवटी काहीतरी जिवंत सापडलं. नव्वद गुण. पाच ते दहा, पाणी. अकरापर्यंत मी वैतागलो होतो. लिहिलं, 'गरम पाण्यात रंग. चव नाही, सुगंध नाही. किळस येते. करणाऱ्याने स्वयंपाकघरापासून लांब राहावे.'
शेरे फक्त बाईंनी वाचायचे, असं मी धरून चाललो होतो. बाईंनी ते माइकवर वाचले. माझं अक्षर सुवाच्य आहे हे त्याचं कारण.
पहिला नंबर चार म्हटल्यावर एक आजी पुढे आल्या. म्हणाल्या, अहो, माझं तर करपलं, ते झाकायला मिरी ओतली, मी ते परत न्यायला आले होते. लोक हसले. मग अकराचा शेरा वाचला गेला. बाईंनी वही बघितली आणि पुढे नाव वाचेनात. तेव्हा गर्दीतून हात वर झाला. बायकोचा.
मेव्हण्याने जाऊन अकराचं सूप चाखलं. म्हणाला, भावोजी, हे ताईचं आहे. दर थंडीत करते ते. तुम्ही दोन वाडगे पिता ते.
कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.
बायकोने पातेलं उचललं, झाकण लावलं, गाडीत मांडीवर घेऊन बसली. मेव्हण्याने वाटेत काही खाल्लं नाही.

२१ ऑक्टोबर, सोमवार
सकाळी तिला गुणपद्धती समजावून सांगितली. परीक्षकाने नंबरामागचं माणूस ओळखणं हाच गैरप्रकार ठरला असता. म्हणजे एका अर्थाने मी अत्यंत निःपक्षपाती वागलो.
तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, बाईंनी मलाही भाग घ्या म्हटलं तेव्हा वाटलं, बाकी काही नाही तरी माझं तुम्हाला कळेल. आणि नाहीच कळलं, तर निदान घरी येऊन खरं सांगाल.
पातेलं घासायला गेली.

२३ ऑक्टोबर, बुधवार
जेवताना तक्रार केली की भाजी बेचव आहे. सवयीने. ती म्हणाली, जानेवारीपासून दिवसातून तीनदा गॅस बघते. तुम्हाला दूध द्यायच्या आधी हुंगते. डब्यातलं तूप काल खवट झालं होतं, ते तुम्ही आवडीने खात होता, मी काढून घेतलं. वर जाते तेव्हा दार उघडं ठेवून जाते.
मी चिडलो. म्हटलं, एवढं माहीत होतं तर बोलली का नाहीस? ती म्हणाली, तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते.
यावर माझ्याकडे मुद्दा नव्हता. दोन तास शोधला.

२४ ऑक्टोबर, गुरुवार
कामावर एक लग्नपत्रिका तपासली. पाच वेळा. मालकांनी सहावी फेरी दुसऱ्याकडे दिली.

२७ ऑक्टोबर, रविवार
बायको आणि मेव्हणा फार्मवर गेले. बाईंनी तिला सूप शिकवायला बोलावलंय. मला या म्हणाली, मी नको म्हटलं. काम आहे म्हटलं. काम नव्हतं.
दवाखान्यात फोन केला. रविवारी कोणी उचलणार नाही या हिशोबाने केला होता, पण उचलला. मुलीने विचारलं, तक्रार काय? म्हटलं, वास येत नाही. आजवर हे मोठ्याने बोललो नव्हतो. कधीपासून? जानेवारीपासून. ती म्हणाली, काका, मग इतके दिवस काय करत होता? म्हटलं, रविवारी बाहेरगावी असायचो. गुरुवारी अकराची वेळ दिली.
संध्याकाळी दोघं आले. चपलांना चिखल, केसांत काड्या. मी विचारलं, कसं होतं? बायको म्हणाली, चांगलं होतं. मी म्हटलं, नाही, वास कसा होता? तिने माझ्याकडे बघितलं. मग खुर्ची ओढून बसली आणि सांगत राहिली. ओला पेंढा, पेटवलेला पाचोळा, तव्यावर भाजलेलं लोणी, शेळीच्या पिल्लाचं डोकं. मी तिला गुरुवारचं सांगितलं. आठ बाटल्यांचंही सांगितलं. ती म्हणाली, चला, सुटलो.
उठून जाताना दारात थांबली. म्हणाली, आणि अहो, तेवढा शर्ट बदला. चार दिवस झाले, कसं सांगावं कळत नव्हतं.
बदलला.