यीस्टचा काही दोष नव्हता

दि. ७ मार्च

प्रिय चिमे,

अनेक आशीर्वाद. लेकीकडे आयतं खाऊन चांगली गुटगुटीत झाली असशील. इकडे आम्ही सगळे बरे. झालं, रीतीचं लिहून झालं. आता बातमी ऐक. मी झोपले! अगं, तुझी ताई काल रात्री आडवी झाली ती थेट गजर होईपर्यंत! मध्ये उठणं नाही, घामाने भिजलेला गाऊन बदलणं नाही, पंख्याला शिव्या नाहीत. गजर वाजला तेव्हा हा कसला आवाज, तेच कळेना मला!

एवढ्यासाठी पत्र का, फोन का नाही, असं म्हणशील. फोन तू मधेच ठेवून देतेस, म्हणून.

तू गेल्यापासून आपल्या बेकरीत पावांचा नुसता सत्यानाश चालला होता. पाव कसले, विटा! मळलेला मैदा फुगण्याइतकी खोली उबदार आहे का, हे आपण अंगानेच ओळखतो ना? आईने लावलेली सवय. इथे माझाच जीव उकडायचा, मी खिडक्या सताड उघडायचे. लावायला तू नव्हतीस. मैदा बिचारा गारठून तस्साच. मग दोष कोणाचा? यीस्टवाल्याचा! एक दिवस त्याला दारातच फैलावर घेतलं. "मेलेलं यीस्ट गळ्यात मारतोस होय रे?"

तो म्हणाला, "काकू, यीस्ट ठणठणीत आहे. आत मी काकडतोय आणि तुम्हाला घाम फुटलाय. आमच्या हिलाही असंच व्हायचं. डॉक्टरीणबाईंकडे जाऊन या."

इतकी खजील झाले म्हणून सांगू! पण गेले. आणि जाण्याचं खरं कारण घाम नव्हता. चिमे, तुला बोलले नव्हते, सकाळी माझी बोटं सुजायची, मूठ मिटायची नाही. संधिवाताने वाकडे झालेले आईचे हात डोळ्यांसमोर यायचे.

बाईंनी सगळं विचारलं, रक्त तपासलं. म्हणाल्या, "पाळी जायच्या वयात अंगातून वाफा येतात, झोप मोडते. झोप सारखी मोडली की अंगात सूज वाढू शकते, सांधे दुखतात, आणि दुखलं की परत झोप मोडते. सूज थोडी आहे तुम्हाला. पण आईंचा तो संधिवात नाही." मी तिथेच भोकाड पसरलं, बाहेरच्या बायका आत डोकावल्या! नीट तपासून मला हार्मोनच्या गोळ्या दिल्या. सगळ्यांना त्या चालतात असं नाही, हेही बजावलं. संध्याकाळचा चहा बंद. बोटं हळूहळू सुटली. आणि बेकरीत आता भिंतीवर तापमापक टांगलाय, माझ्या अंगाचा भरवसा कोण धरणार! पाव असे टम्म फुगतात की बघत राहावं.

आता लेकीवर चिडायचं नाही, शपथ आहे. तिने मला सगळं सांगितलंय. चार दिवसांसाठी गेलीस, तीन महिने झाले. मला वाटलं, खिडक्यांच्या भांडणावरून रुसलीस. ती म्हणाली, "मावशी, आईला सकाळी कपसुद्धा धरवत नाही. रात्रभर जागी असते. आजीचंच दुखणं लागलंय, आता ताईच्या गळ्यात पडायचं नाही, म्हणते. डॉक्टरकडे चल म्हटलं की दार लावून घेते."

वेडे! दार काय लावतेस? घाबरलीस, हो ना? मीही घाबरले होते. तुझंही माझ्यासारखंच असेल, असं मी म्हणणार नाही. बाईंनीही तसं सांगायला साफ नकार दिला. वेगळं काही निघेल, कदाचित आईचंच निघेल. निघालं तर लगेच उपचार सुरू करू, आईला ते वेळेवर मिळाले नव्हते. पण तपासल्याशिवाय आईचे हात स्वतःला लावून घेऊ नकोस.

गुरुवारी सकाळी बाईंकडे तुझा नंबर लावलाय. रिपोर्ट काहीही येवो, बेकरी चार हातांची आहे. दोन दुखले तर दोन आहेत. मळायला जमलं नाही तर गल्ल्यावर बस आणि गिऱ्हाइकांवर डाफर, ते तुला छान जमतं. मला एकटीला पाव भाजायचे नाहीत, चिमे. अजिबात नाहीत.

तुझी गादी ऊन दाखवून घातली आहे. शेजारीण म्हणते, काल रात्री मी जोरात घोरत होते. ये, आणि त्यावरून भांड माझ्याशी.

वाट बघणारी, आणि घोरणारी,
तुझी ताई